चौतीस नंबरच्या वालावरचा आळ

मला बेमान म्हटलेलं मी ऐकून घेत नाही. हट्टी म्हणा, तोंडाळ म्हणा, दुसरी शिकलेला म्हणा. हे सगळं खरं आहे आणि गावाला माहीत आहे. पण तो एक शब्द मारुतीच्या ओट्यावर, बारा-पंधरा माणसांच्या देखत, माझ्यासाठी काढला गेला आणि तेव्हापासून माझं डोकं जे तापलं ते आज लिहायला बसेपर्यंत निवलं नाही. म्हणून लिहितो. शुद्धलेखन कोणी तपासू नये. मास्तर तेलुगूत शिकवायला लागला तेव्हा मी शाळा सोडली, त्यानंतर जे शिकलो ते भैंशाच्या एका रेडिओ मिस्त्रीच्या हाताखाली.

आमचं गाव नार्नूरच्या वाटेवर. गावच्या भजनी मंडळाचं भोंग्याचं मशीन माझ्यापेक्षा थोडंच लहान असेल. लोखंडी पेटी, वर जाळी, समोर पाच गोल खुंट्या. आजकालच्या मशीनीत नखाएवढे काळे तुकडे असतात, त्यात काय चाललं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. ह्या मशीनीत काचेचे वाल आहेत. पुस्तकात व्हॉल्व्ह लिहितात, आम्ही वाल म्हणतो. आतली हवा काढून घेतलेली काचेची बाटली, खाली आठ पाय, आत तारांचे पिंजरे. सुरू केलं की आत विस्तवासारखं बारीक लाल दिसतं, म्हणून गावातली माणसं त्याला दिवा म्हणतात. मी सुधारायला गेलो नाही. उलट मीही तसंच बोलायला लागलो. 'दिवे लागले का पाहा, मग माईक धरा,' असं मीच सांगत आलो.

आवाज मोठा करायचं खरं काम शेवटचे दोन वाल करतात. चौतीस नंबरचे. सागवान कापायची मोठी करवत दोन माणसं दोन्हीकडून धरतात, एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो, तसं त्या दोघांचं चालतं. म्हणून एक थकला की मी दोन्ही बदलतो. एकीकडे पहिलवान आणि एकीकडे तापातून उठलेला माणूस असेल तर करवत वाकडी जाते. तुम्ही म्हणाल एवढी बारकाई कोण करतं. मी करतो.

दसऱ्याच्या आधी त्यातला एक वाल थकला. भजनात आवाज चिरकायला लागला. मशीन मी घरी आणलं. माझ्या टिनाच्या पेटीत चौतीस नंबरची एक जोडी होती, नवी, कधी न लावलेली, कंपनीच्या डब्यात सरकी काढलेल्या कापसात गुंडाळून ठेवलेली. अशी जोडी आता भैंशात मिळत नाही, निर्मलला मिळत नाही. हैदराबादेत मिळाली तरी कशी असेल याचा भरवसा नाही. ती शेवटची जोडी मी मारुतीच्या मशीनीला लावली. दसऱ्याला मशीन देवळात पोचवलं आणि ओट्यावर सगळ्यांना सांगितलं, 'आता दहा वर्षं याले हात लावायची गरज नाही.' हा माझा शब्द.

कोजागिरी झाली की आमच्याकडे काकडआरती सुरू होते. पहाटे गारवा असतो, दहिवर पडलेलं असतं, ओट्याची फरशी ओली लागते. चौथ्या दिवशी मी खांबाला टेकून मागं बसलो होतो. दुसरा अभंग चालू होता. आवाजाला आधी खर आली. मग म्हैस रेकावी तसा घुमारा सुरू झाला. मग जळका वास आला आणि भोंगे एकदम चिडीचूप. पेटी आणि टाळ तेवढे वाजत राहिले. मी उठून जाळीतून पाहिलं. डाव्या हाताच्या वालाच्या आतला पत्रा लोहाराच्या भट्टीतल्या फाळासारखा लाल होऊन विझत होता. फ्यूजही गेला होता. गुरवानं वायर ओढून काढली.

मंडळाचा सेक्रेटरी शेजारीच उभा होता. त्याचं मोबाईलचं दुकान आहे. दोन लेकरांचा बाप आहे, म्हणजे पोरवय म्हणून सोडून द्यावं असंही नाही. वर्षभरापासून तो म्हणतो आहे की हे भंगार काढा, चाकं लावलेला नवा डबा आणू, त्याला पेनड्राईव्ह लागतो. तो माझ्याकडे पाहून हसला.

"काकाजी, दहा वर्षं म्हणत होते तुमी. दहा-बारा दिवस झाले."

"थंड होऊ दे. मंग पाहतो," मी म्हटलं.

"पाहाले काय ठेवलं त्याच्यात? दिवा गेला. पण मले एक सांगा, तो दिवा नवाच होता ना?"

"डब्यातून काढला म्या. कापसातून."

"डबा नवा असंल, काकाजी. आतला दिवा कोणाच्या मशीनीतून काढेल होता कोणाले माहीत? हैदराबादले लोकं हे जुने दिवे शोधत फिरतात, म्या मोबाईलात पाह्यलं. नवा दिवा तिकडं गेला असंल आन् वापरेल दिवा मारुतीले लागला असंल. याले बेमानी म्हणतात."

तो हे भांडायच्या आवाजात बोलला असता तर मी भांडलो असतो. तो गमतीत बोलला, हसत हसत, मोबाईलावर बोट फिरवत. आणि कोणी काही म्हणालं नाही. पेटी वाजवणारा माझ्या वयाचा आहे. आम्ही दोघं एकाच फडक्यात बांधलेली भाकर खाल्लेली माणसं. तो पेटीचा भाता बंद करत बसला. पट्ट्यांकडे असा पाहत होता की जणू त्या आजच बसवल्या आहेत.

मला वाटलं, मशीन उचलावं आणि घरी न्यावं. हात घातलाही होता. मग थांबलो.

"मशीन इथंच राहीन," मी म्हटलं. "घरी नेलं त उद्या म्हणशीन का घरी नेऊन बदललं. दुपारी चार वाजता याच ओट्यावर उघडतो. सगळ्यायसमोर. तू बी ये. खुर्ची आणून बस."

"येतो ना. चहा सांगू का तुमच्यासाठी?"

"नको. तुह्या चहाची गरज नाही मले."

घरी आलो. बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, चहा ठेवला, तो तसाच निवला. तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून म्हणाली, "त्यानं म्हटलं म्हणून तुमी बेमान झाले का? जेवा मुकाट्यानं."

"जेवत नाही."

"नका जेवू. पण अजी, दिवा चांगला होता म्हणता, मंग गेला कसा?"

मला तिचा राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. चांगला वाल बसल्या जागी मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. वालाच्या पाचव्या पायाला लगाम असतो. तिथं उणे बाजूची वीज पुरवलेली असते, ती वालाला आवरून धरते. लगाम तुटला की वाल सुसाट सुटतो, होईल तेवढी वीज ओढतो आणि आतला पत्रा लाल होतो. सकाळी नेमकं तेच झालं होतं. म्हणजे लगाम तुटला होता. लगाम बहुतेक वेळा एकाच कारणानं तुटतो. आधीच्या वालाकडून आवाज आणून देणारा कंडेन्सर पाझरायला लागतो आणि त्यातून नको ती अधिक बाजूची वीज लगामात शिरते. कंडेन्सर जुना, माणूस जुना, दोघं पाझरतात. मी नवा कंडेन्सर खिशात टाकला, मीटर, कैची, कथलाचा डाग द्यायची इस्तरी घेतली. आधी काढून ठेवलेल्या थकल्या जोडीतला बरा वाल घेतला. मनात म्हटलं, अर्ध्या तासात त्याचं तोंड बंद करतो.

चार वाजता ओट्यावर सकाळपेक्षा जास्त माणसं होती. कापूस वेचून आलेल्या दोन बायाही पायरीवर टेकल्या होत्या. सेक्रेटरी खरोखरच प्लास्टिकची खुर्ची आणून बसला होता. गुरवानं वायरचा बोर्ड आणला. पेटीवाला लांब, चपलांपाशी बसला.

मी आधी गेलेला वाल काढून सगळ्यांना दाखवला.

"डोक्यावर हे आरशासारखं चकाकते ते पाहा. आत हवा शिरली असती त हे दुधासारखं पांढरं झालं असतं. म्हंजे काच साबूत हाय. आता नंबर पाहा. वापरेल वालाचा नंबर पुसत जाते, बोट लागलं तरी उडते. हा कसा कोरा हाय. आन् पाय पाहा, एकदा-दोनदा बसवल्याचाच वरखडा हाय."

"नंबराचं काय घेऊन बसले काकाजी, लोकं नोटा छापतात," सेक्रेटरी म्हणाला. पायरीवरची एक बाई हसली.

उजवीकडचा वाल, जो सकाळी गुमान चालत होता, तो काढून डावीकडे लावला. उजव्या रिकाम्या जागी घरून आणलेला थकलेला वाल लावला. फ्यूज नवा टाकला.

"आता पाहत राहा. कोणी बोलू नका."

वाल तापायला वेळ लागतो. आधी नेहमीचा बारीक उजेड आला. मग हळूहळू डावीकडच्या वालाच्या पत्र्यावर एक लाल ठिपका उमटला आणि पसरायला लागला.

"काढ वायर," मी म्हटलं. गुरवानं ओढली.

"हाच दिवा सकाळी उजवीकडं होता. काई झालं त्याले? नाही. डावीकडं आला त लाल झाला. मंग सांगा, दोष दिव्याचा का जाग्याचा?"

"जाग्याचा," गुरव म्हणाला.

"नाही त दोन्ही दिवे तसेच असतीन," सेक्रेटरी म्हणाला.

हा माणूस लोकांचे मोबाईल दुरुस्त करतो. दुरुस्त म्हणजे मागचं झाकण काढून नवं बसवतो. दोष शोधणं म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवलंच नाही. एक वस्तू हलवायची आणि पाहायचं, की दोष तिच्याबरोबर हलला का जागेवर राहिला. एवढं एक कळलं की निम्मं काम होतं. हे मला भैंशाच्या उस्तादानं शिकवलं, तो तर सहीच्या जागी अंगठा लावायचा.

दोन्ही वाल काढले, मशीन आडवं केलं, खालचा पत्रा उघडला. माणसं वाकून पाहायला लागली तेव्हा मी ओरडलो, "लांब. आत चारशे व्होल्ट हाय." गुरवाला पुन्हा वायर लावायला सांगितली आणि डावा हात पाठीमागं धरला. उस्तादाची रीत, चालू मशीनीत एकच हात, म्हणजे झटका बसला तरी काळजातून पार होत नाही. माझं मीटर काट्याचं आहे. लगामाच्या पायावर उणे तीसच्या आसपास वीज पाहिजे, म्हणून टोकं उलटी धरली. वीज बरोबर असेल तर काटा पुढं सरकतो. उजव्या बाजूला सरकला. डाव्या बाजूला टोक लावलं तर काटा मागं गेला आणि खुंटीला टेकला. उणे पाहिजे तिथं अधिक होतं.

"हे पाहा," मी म्हटलं, "लगाम तुटेल हाय. आता कोणी तोडला तेही दाखवतो."

वायर काढली, आतली साठलेली वीज उतरवली, कंडेन्सरचा एक पाय इस्तरीनं सोडवून वर उचलला. खिशातला नवा कंडेन्सर काढून मांडीवर ठेवला. पुन्हा वायर लावली, पुन्हा टोक लावलं.

काटा मागंच गेला.

मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. कंडेन्सर निर्दोष होता. अर्ध्या तासापासून मी ज्याच्या भरवशावर छाती काढून बसलो होतो तो हा नव्हताच. माझ्या कानातून वाफ निघाल्यासारखं झालं. माणसं बघत होती.

"सापडलं का काकाजी? का दुकान उघडून येऊ?"

"तुले जायचं असंल त जा."

"नाही नाही, बसतो. करमून राह्यलं."

मी मशीन बंद केलं आणि थोडा वेळ नुसता पाहत बसलो. अधिक वीज कुठून तरी येत होती. कंडेन्सरातून नाही. वाल तर जागेवर नव्हताच. मग राहिलं काय? वाल ज्यात बसतो ते आठ भोकांचं बूड. पाचव्या भोकात लगाम आहे आणि त्याच्या शेजारी, चौथ्या भोकात, भरपूर वीज आहे. दोघांमध्ये काडीच्या जाडीएवढं अंतर. तिथून रस्ता झाला असेल तर.

बुडाचे दोन स्क्रू सोडवले, ते उलटं केलं. मला नीट दिसेना. गुरवानं सेक्रेटरीच्या हातून मोबाईल घेतला, विचारलंही नाही, आणि उजेड पाडला. चौथ्या आणि पाचव्या भोकाच्या मध्ये एक डाग होता. मधे काळा, कडेनं पिवळा, आणि एका बाजूला लालसर. मी सुईनं खरवडला. चिमूटभर भुकटी निघाली. नाकाशी धरली तर फोडणी करपल्यासारखा वास.

गुरवानं बोट लावून हुंगलं. त्याचा रोजचाच जिन्नस. "हळद हाय हे," तो म्हणाला. "कुकू बी हाय."

मला सगळं उलगडलं. पाण्यात कालवलेली हळद आणि कुंकू बुडात उतरलं होतं. वाळलं तोवर काही नाही, वाळली हळद बिचारी कोणाचं काय करते. पण काकडआरतीच्या पहाटेचं दहिवर त्यात चार दिवस मुरलं, ओल धरली, वीज त्यातून थोडी थोडी सरकायला लागली, सरकता सरकता त्याचा कोळसा झाला आणि कोळशातून रस्ता पक्का झाला. वाल चांगला होता. नवा होता. माझा शब्द खरा होता. मी मान वर केली.

तोवर सेक्रेटरी गुरवाकडे वळला होता.

"काऊन रे, मशीनीले हळद-कुकू कोणी लावलं? तुह्याबिगर कोण लावते इथं?"

गुरव गडबडला. "दसऱ्याले लावला ना मी टिका. खोटं काऊन बोलू. पण वरून लावला, जाळीले."

"जाळीतून खाली गेलं असंल मंग. हात कोरडा त नसते तुहा."

"एक बोट लावलं मालक."

चपलांपासून पेटीवाला बोलला. सकाळपासून पहिल्यांदा. "लावलं असंल त्यानंच. त्याले काय कळते मशीनीतलं? झालं गेलं, मिटवा आता. मिस्त्रीचा काही दोष नाही, हे त दिसलंच."

तर असं झालं. मी सुटलो होतो. गुरव हळदीच्या बोटाकडे पाहत उभा होता. त्याला भांडता येत नाही, तो देवळाचा माणूस आहे, गावानं दिलेल्या पसाभर दाण्यावर राहणारा. आणखी दोन वाक्यांत सगळं त्याच्यावर बसलं असतं आणि माणसं घरी गेली असती. पण टिका जाळीवर लावला तर वीतभर खालच्या बुडात कसा उतरेल? वालाच्या काचेवरून ओघळ यायला पाहिजे, आणि काच तर स्वच्छ होती. काच स्वच्छ होती कारण ती मीच पुसली होती.

ते मला तेव्हा आठवलं. खांडेनवमीला मशीन माझ्या घरी होतं, जाळी उघडी, वाल बसवलेले. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, कुऱ्हाड, विळा, माझी कैची, इस्तरी, मीटर, सगळं पाटावर मांडतात. मी आरशासमोर दाढी करत होतो, तोंडाला फेस. बुढीनं आतून विचारलं, "अजी, या दिव्यायले बी लावू का?" मी म्हटलं, "लाव." दिवा म्हटल्यावर ती कशी लावणार? दिव्याला लावतात तशी. ओल्या बोटानं हळद, कुंकू, वर फुलानं पाणी शिंपडून. दुसऱ्या दिवशी मशीन देवळात द्यायच्या आधी मला दोन्ही वालांवर टिके दिसले होते, डाव्याच्या खाली ओघळही होता. मी काच पुसली. वाल उपटून खालचं बूड पाहिलं नाही. शिकाऊ माणसानं असं केलं असतं तर मी त्याच्या पाठीत घातली असती.

खोटं कशाला लिहू, क्षणभर गप्प राहायचा विचार मनात येऊन गेला. सकाळी ज्याच्यासाठी पेटलो होतो तो शब्द आता माझ्या तोंडाशी येऊन बसला होता. गप्प राहिलो असतो तर तो खरा झाला असता.

"गुरवाले सोडा," मी म्हटलं. "हळद माझ्या घरची हाय. खांडेनवमीले मशीन माझ्या घरी होतं. पूजा माझ्या घरी झाली. लाव म्हणणारा मी, आन् मंग बूड न पाहता दिवा तसाच ठेवणारा बी मी."

सेक्रेटरी खुर्चीवर मागं रेलून हसला. "घ्या आता. सकाळपासून आमचं डोकं खाल्लं, इतकी माणसं कामधंदा सोडून बसवली, आन् निंघाली कोणाची चूक?"

"माझी."

"मंग झालं त. मीबी तेच म्हणून राह्यलो होतो."

"तू ते नाही म्हटलं. तू चूक म्हटलं असतं त म्या सकाळचा चहा पेला असता. तू बेमानी म्हटलं."

"एकच त हाय काकाजी."

"एक नाही."

"नुकसान त तेवढंच झालं ना."

"नुकसान माझ्या अंगावर. त्याचं मले सांगू नको. तू म्हटलं का म्या नवा दिवा विकून वापरेल लावला. तो शब्द माघारी घे."

तो उठला. "अंधार पडाले आला. मशीन लावा बरं."

मी मशीन लावायला घेतलं. बूड खरवडून, स्पिरिटच्या बोळ्यानं तीनदा पुसून, तोंडानं फुंकून वाळवलं. कंडेन्सरचा पाय जागेवर डागला. मीटर लावलं, काटा नीट पुढं सरकला आणि जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबला. गुरवानं सगळ्यात आधी पाहिला. वाल बसवले, एक चांगला आणि एक थकलेला, दुसरा इलाज नव्हता. आता आवाज पूर्वीएवढा जाणार नाही, हेही मी तिथंच सांगून टाकलं. खालचा पत्रा लावला. पत्र्याला सहा स्क्रू आहेत. पाच आवळले. सहावा मुठीत धरला आणि हात मांडीखाली घालून बसलो.

"काय झालं?" सेक्रेटरीनं विचारलं.

"शब्द."

"अजी काकाजी, लहान लेकरू हाय का तुमी?"

"नाही. म्हणूनच म्हणतो."

तेव्हा पेटीवाला जवळ आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सोड ना आता. मले त सकाळीच माहीत होतं, तू तसा माणूस नाही."

"माहीत होतं त सकाळी तोंडात काय होतं?"

"पेटीचा एक सूर अटकून राह्यला होता. तेच पाहून राह्यलो होतो."

"सुटला का?"

त्यानं खांद्यावरचा हात काढला. त्याच्यावरचा माझा राग वेगळा आहे. सेक्रेटरीवरचा राग मी सगळ्यांसमोर काढू शकलो, ह्याच्यावरचा कुठं काढू? रोज संध्याकाळी आम्ही एकाच पारावर बसतो. अजूनही बसतो. पण मी त्याच्याकडे तोंड करून बसत नाही.

शेवटी गुरव बोलला. तो कधी मोठ्या आवाजात बोलत नाही, तेव्हाही नाही बोलला. "सेक्रेटरी साहेब, मले सांजेची आरती करायची हाय. आन् तुमी आता मलेबी तसंच म्हणणार होते. घ्या ना माघारी."

सेक्रेटरीनं आजूबाजूला पाहिलं. पायरीवरच्या बाया गेल्या नव्हत्या. कोणीच गेलं नव्हतं.

"बरं बाप्पा. बेमानी नाही. चूक झाली."

"कोणाले म्हणून राह्यला? मोबाईलाले?" मी म्हटलं.

त्यानं मोबाईल खिशात टाकला. "काकाजीनं बेमानी नाही केली," तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "चूक केली. पण चूक मोठी हाय."

"मोठी हाय," मी म्हटलं, आणि सहावा स्क्रू लावून आवळला.